मधोमध टाकलेला चेंडू

डेन ऑस्गूड आमच्या केलर्सबर्गच्या बेसबॉल संघात आला तेव्हा वीस वर्षांचा होता. विचारल्याशिवाय बोलायचा नाही. त्याच बसमधून मार्सेल तिबोदो उतरला, आणि त्याला गप्प कसं करायचं हे कुणालाच कळलं नाही. दोघांना माझ्या घरातल्या वरच्या दोन खोल्या मिळाल्या. आमच्या गावात तेव्हा ही रीतच होती. एप्रिलमध्ये संघाची पोरं घराघरांत वाटून द्यायची, ती सप्टेंबरपर्यंत आपली. माझा नवरा गेल्यापासून मी दरवर्षी दोघांना ठेवत होते.

डेन मोंटानाचा. घरी मेंढ्या, आणि शेजाऱ्याकडे जायचं तर गाडी काढावी लागायची. डावखुरा पिचर, चेंडू टाकणारा. मार्सेल लुइझियानाचा, चोवीस वर्षांचा, कॅचर. म्हणजे बॅटरच्या मागे उकिडवं बसून डेनचे चेंडू झेलायचे आणि पुढचा कुठला टाकायचा ते बोटांनी खुणावायचं, हे त्याचं काम. गावी त्याची बायको सेलेस्त, तिला दिवस गेलेले.

"मिस ग्लेंडा," पहिल्याच जेवणाला मार्सेल मला म्हणाला, "हा पोरगा मुका आहे का हो? बसमध्ये माझ्या शेजारी बसला होता. माझ्या तिन्ही मावश्यांची भांडणं सांगून झाली, आणि हा आपला खिडकीतून शेतं बघतोय."

"ऐकत होतो," डेन म्हणाला.

"ऐकत होता म्हणे! मग सांग, कुठल्या मावशीनं बोट बुडवली?"

"मधलीनं."

मार्सेलनं काटा खाली ठेवला. "चालेल," तो म्हणाला. "हा चालेल आपल्याला."

एप्रिल डेनला वाईट गेला. थंडीत त्याची बोटं बधिर व्हायची, चेंडू सरळ आणि सोपे जायचे, आणि समोरची पोरं ते कुंपणापार भिरकावायची. सामना संपला की तो जेवणाच्या टेबलाशी न येता मागच्या पायरीवर एकटा बसून राहायचा. त्याला पिचर म्हणून ठेवायचा की नाही, यावर मॅनेजरचं नि प्रशिक्षकाचं बोलणं सुरू झालं होतं.

मग एका सामन्यात पहिल्याच डावात समोरचे तिघं बेसवर पोचून धाव घ्यायच्या तयारीत असताना मार्सेल मैदानाच्या मधोमध चालत त्याच्यापाशी गेला. तोंडावर ग्लोव्ह धरून काहीतरी बोलला. काय बोलला ते मी डेनला घरी विचारलं.

"म्हणाला, तुझा तो आत वळणारा चेंडू आहे ना, तो टाक. तू घाबरतोस, मला माहितेय. जमिनीवर आपटला तर आपटू दे, मी छातीनं अडवीन."

"एवढंच?"

"आणि विचारलं, मिस ग्लेंडानं आज मीटलोफ केलंय का."

तो चेंडू बॅटरच्या मांडीच्या उंचीवर सरळ निघायचा आणि ऐन वेळी त्याच्याच गुडघ्यांकडे वळून खाली बसायचा. मे महिनाभर डेन तो टाकत राहिला. बॅटर हवेत बॅट फिरवायचे आणि माना हलवत परत जायचे. मार्सेलच्या छातीवर आणि दंडांवर काळेनिळे डाग पडलेले असायचे. तो माझ्या फ्रीजमधली मटारची गोठलेली पिशवी छातीवर धरून सोफ्यावर पडायचा आणि म्हणायचा, "बघा, ही डेनच्या भविष्याची किंमत." डेनच्या चेहऱ्यावर तेव्हा जे काही यायचं, त्याला त्याच्या मुलखात हसणं म्हणत असावेत.

मार्सेलला स्वतःला मात्र बॅटिंग साधत नव्हती. झेलण्यात त्याचा हात कुणी धरला नसता, पण डावखुऱ्या पिचरचा आत येणारा चेंडू त्याला दिसायचाच नाही. आणि आमच्या लीगसारख्या खालच्या वर्गात चोवीस वर्षांचा माणूस म्हणजे म्हातारा. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. तिघंही बोलायचो नाही.

जुलैमध्ये एका सकाळी डेन दूध-सीरियल खात होता. त्याचा फोन वाजला. तो उभा राहिला, "हो सर, हो सर," म्हणाला आणि पुन्हा बसला.

"मला दिलं," तो म्हणाला.

"कुणाला दिलं?" मी विचारलं.

आमचा संघ ज्याच्या मालकीचा, त्या वरच्या मोठ्या क्लबनं त्याला दुसऱ्या क्लबला देऊन एक मुरलेला खेळाडू घेतला होता. आता तो मार्लोच्या संघात. मार्लो आमच्याच लीगमधलं, नदीच्या वरच्या अंगाला. दुपारपर्यंत हजर व्हायचं होतं.

मार्सेल जिन्यात उभा राहून ऐकत होता. "अरे गाढवा, ही चांगली बातमी आहे!" तो म्हणाला. "कुणाला तरी तू हवा झालास! मला आजवर कुणी मागितलंय का? फुकट देतो म्हटलं तरी नको म्हणतील." त्यानंच डेनची बॅग भरली. भरताना एकसारखा बडबडत होता. डेनला न्यायला आलेली गाडी गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाल्यावर तो वर गेला आणि संध्याकाळपर्यंत खाली आला नाही.

मार्लोहून डेन मला रविवारी फोन करायचा. तिथे तो तिघांबरोबर एका फ्लॅटमध्ये राहत होता. ते तिघं व्हेनेझुएलाचे, आपापसात स्पॅनिश बोलायचे, त्याला आग्रह करून जेवू घालायचे आणि मग पुन्हा आपल्या बोलण्यात रमायचे.

"लोक चांगले आहेत, मॅडम," तो म्हणाला.

"आणि कॅचर?"

"खुणा बरोबर करतो." मग म्हणाला, "मार्सेल आहे का जवळ?"

मी फोन मार्सेलला द्यायची. अर्धा तास एकटा मार्सेल बोलायचा. डेन फक्त ऐकत असणार, कारण मधूनमधून मार्सेल ओरडायचा, "आहेस का रे?"

मार्लोला त्याचा खेळ आणखी सुधारला. वर्तमानपत्रात त्याचं नाव येऊ लागलं. पुढच्या वर्षी वरच्या वर्गात जाईल, दोन-तीन वर्षांत मोठ्या लीगमध्ये दिसेल, असं जाणकार लिहीत होते. मी वाचून दाखवलं की मार्सेल म्हणायचा, "माझ्या बरगड्यांचं नाव कुठे छापलंय का बघा."

ऑगस्टमध्ये एका रविवारी दुपारी मार्लोचा संघ आमच्याकडे खेळायला आला, आणि पिचर होता डेन.

"आज कुणासाठी टाळ्या वाजवणार?" सकाळी मार्सेलनं विचारलं.

"दोघांसाठी."

"तसं नसतं, मिस ग्लेंडा. एकाचं बरं झालं की दुसऱ्याचं वाईट होणारच." तो हसत म्हणाला, पण कॉफी अर्धी तशीच राहिली. त्याच्या बॅटला तीन आठवड्यांत धड चेंडू लागला नव्हता. मॅनेजरनं त्याच्याशी बोलणं कमी केलं होतं.

मार्सेल पहिल्यांदा समोर आला तेव्हा डेननं तोच चेंडू टाकला, तीनदा. मार्सेलनं तीनदा हवेत बॅट फिरवली आणि बाद झाला. दुसऱ्या वेळीही तसंच. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. हात मांडीवर धरून बसले होते.

तिसऱ्यांदा मार्सेल आला तेव्हा सातवा डाव होता, आमचे दोघं बेसवर आणि आम्ही एका धावेनं मागे. एक चांगला फटका लागला असता तर निदान सीझन संपेपर्यंत त्याला कुणी संघातून काढलं नसतं. मार्लोच्या कॅचरनं खूण केली. डेननं मान हलवून ती नाकारली. पुन्हा खूण, पुन्हा नकार. मग त्यानं चेंडू टाकला. सरळ, बेताच्या वेगाचा, अगदी मधोमध. मी काही खेळाडू नाही, पण मलासुद्धा तो चेंडू येताना नीट दिसला.

मार्सेलनं जीव खाऊन बॅट फिरवली. चेंडू बॅटच्या वरच्या कडेला लागून उभाच्या उभा आकाशात गेला आणि डेनच्याच ग्लोव्हमध्ये उतरला. मार्सेल धावला नाही. जागेवर उभा राहून डेनकडे बघत राहिला. डेननं मान खाली घातली.

सामन्यानंतर मी त्यांना मार्लोच्या बसपाशी गाठलं. दोघं समोरासमोर उभे होते.

"खुणा का नाकारल्यास?" मार्सेल विचारत होता.

"असंच."

"असंच? तुझे हजार चेंडू झेललेत मी. कधी एकदा तरी तसला मधोमध टाकलास?"

"हातातून सुटला."

"डेन." मार्सेलचा आवाज एवढा हळू मी पहिल्यांदा ऐकला. "खोटं बोलायला येत नाही तुला. नको बोलूस."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. डेननं हात पुढे केला. मार्सेलनं तो धरला, सोडला आणि गाड्यांच्या दिशेनं चालू लागला.

घरी येऊन तो स्वयंपाकघरात टोपी न काढता बसला. मी मक्याची कणसं सोलत होते.

"वळणारा चेंडू मला दिसत नाही, हे मान्य," तो म्हणाला. "त्याचं मला वाईट वाटत नव्हतं. मी स्वतःला म्हणायचो, साधा मिळू दे, मग बघा. आज साधा मिळाला. ताटात वाढून दिला त्यानं. आणि मला तोही लागला नाही."

मी एक कणीस त्याच्यापुढे सरकवलं. त्यानं ते सोललं, नीट, एकही तंतू न ठेवता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःहून मॅनेजरकडे गेला आणि म्हणाला, मी खेळणं थांबवतो. मॅनेजरला सुटल्यासारखं वाटलं असावं. मार्सेलनं मला मिठी मारली, सेलेस्तसाठी मी विणलेलं छोटं ब्लँकेट घेतलं आणि दक्षिणेकडची बस धरली.

डेननं त्याला फोन केले. मार्सेलनं उचलले नाहीत. सप्टेंबरमध्ये सीझन संपल्यावर डेन मोंटानाला जाताना वाट वाकडी करून माझ्याकडे जेवायला आला. मार्लोनं त्याला वर्षातला सर्वोत्तम पिचर निवडलं होतं. ते मी वर्तमानपत्रात वाचलं, तो स्वतः बोलला नाही.

"मी मुद्दाम टाकला, मॅडम," ताट रिकामं झाल्यावर तो म्हणाला.

"माहितेय रे."

"त्याला लागेल असं वाटलं होतं. शप्पथ. त्या चेंडूवर कुणीही मारलं असतं." तो स्वतःच्याच शब्दांपाशी अडकला. डोळे पुसले नाहीत, तसाच बसला. "नेहमीचा टाकला असता तर तो मला दोन शिव्या देऊन हसला असता."

मी नाही म्हणू शकले नाही. तसंच झालं असतं.

पुढच्या एप्रिलमध्ये तो वरच्या वर्गात गेला, ओहायोमधल्या एका मोठ्या शहरात. मी त्याचे सामने कॉम्प्युटरवर बघते. भरलेलं मैदान, आणि हा डाव संपला की बाकाच्या टोकाला जाऊन बसतो, पाण्याचा पेला हातात धरून. शेजारची जागा बहुतेक वेळा रिकामी असते.

मार्सेल आता शाळेतल्या पोरांना शिकवतो. मुलगी झाली, तिचे फोटो मला पाठवतो. फोनवर मावश्यांचं सगळं सांगून झालं की दर वेळी विचारतो, "आणि तो? कसा टाकतोय?"

"छान. तू स्वतः विचार की त्याला."

"विचारेन," तो म्हणतो. "विचारेन की."

हे मी डेनला सांगितलं. मग तो म्हणाला, "उद्या चेंडू टाकायची पाळी माझी, मॅडम. झोपतो आता." तेव्हा दुपारचे चार वाजले होते.