राजधानीची रंगीत तालीम

आजींचा मुलगा आग लागायच्या आधीच लोकांना जिने उतरायला लावायचा, आणि त्याचा त्याला पगार मिळायचा. कचेऱ्या, दवाखाने, मोठाली दुकानं, सगळीकडे जाऊन तो शिट्टी फुंकायचा. लोक हातातलं काम टाकून खाली अंगणात जमायचे, तो डोकी मोजायचा आणि सगळ्यांना पुन्हा वर पाठवायचा. या कामात त्याची एक खास मेख होती. प्रत्येक सरावात तो कुणातरी एकाला गुपचूप कपाटामागे नाहीतर जिन्याखाली दडवून ठेवायचा. आपल्यातला एक कमी आहे हे खाली जमलेल्यांच्या लक्षात आलं तर सगळे पास. नाही आलं तर सगळे नापास, आणि पुन्हा पहिल्यापासून.

असा माणूस चार दिवसांसाठी सहकुटुंब युरोपला निघाल्यावर नुसती तिकिटं काढून गप्प बसेल, ही आशाच वेडी.

चार दिवसांत एकच शहर बघायचं ठरलं होतं. मोठं, जुनं, नदीकाठचं. घरात सगळे त्याला नुसतं ‘राजधानी’ म्हणू लागले होते. सुनेला तिथला राजवाडा बघायचा होता. नातीला उंच मनोऱ्यासमोर फोटो काढायचे होते, मनोरा मागे आणि ती पुढे. आजी म्हणाल्या होत्या, मला त्या नदीतल्या बोटीत बसवा. आपण बसून राहायचं आणि शहरानं आपल्यापुढून चालत जायचं. यावर सगळे मनापासून हसले होते, आणि बोट बेतात घ्यायची राहून गेली होती.

बोटच कशाला, आजीसुद्धा राहणार अशी चिन्हं होती. सून एकदा स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, की आईंचा गुडघा एवढं चालणं सोसायचा नाही, त्यांना वन्संकडे ठेवलेलं बरं. मुलगा म्हणाला, आधी तालीम घेऊ. आपल्याच गावात राजधानीसारखी फेरी मारू. आईनं ती पुरी केली तर चौथं तिकीट काढू. भिंतींना कान असतात म्हणतात. आजींना कानात घालायचं यंत्र होतं, आणि ते त्या नेमकं अशाच वेळी घालत.

लेकीकडे जायची आजींची मुळीच तयारी नव्हती. लेकीनं मांजरं पाळली होती, आणि ती त्यातल्या प्रत्येकाशी आजींच्या गुडघ्याबद्दल बोलायची.

शनिवारी सकाळी पाठीला पिशव्या लावून वरात निघाली. पुढे मुलगा, गळ्यात शिट्टी, हातात उंच धरलेली छत्री, छत्रीच्या टोकाला मागच्यांना दिसावा म्हणून बांधलेला लाल मोजा. पाण्याची टाकी हा मनोरा होता. माना वर करून सगळ्यांनी तिला प्रदक्षिणा घातली. मग संग्रहालय, म्हणजे पोस्ट. तिथे घाई करायची नाही असा हुकूम होता, म्हणून ते भिंतीवरची एकेक जाहिरात मागे सरकून, डोळे बारीक करून बघत राहिले. अल्पबचतीच्या जाहिरातीतल्या हसऱ्या जोडप्यापुढे आजी बराच वेळ उभ्या राहिल्या. खिडकीमागच्या बाईंनी काय हवंय म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं, काही नको, आम्ही बाहेरगावचे आहोत.

गुडघा कुरकुरत होता, पण आजी त्याला दाद देत नव्हत्या. तेवढ्यात मुलगा त्यांच्या कानाशी लागला. मागच्या दाराबाहेर बाक आहे, तिथे जाऊन बस, कुणाला सांगू नकोस, आज तू हरवायचंस. आम्ही शोधत येऊच. आजींच्या मनात पाल चुकचुकली. पूर्ण फेरी मारली तर तिकीट, आणि फेरीच्या मध्येच हरवायला सांगतो? परीक्षेला बसवायचं आणि निम्म्यात पेपर काढून घ्यायचा, असलाच हा प्रकार. पण पोटच्या पोरानं खेळायला बोलावलंय, तर नाही कसं म्हणायचं? गेल्या आणि बसल्या.

सापडल्यावर चेहरा कसा करायचा हे त्यांनी ठरवून ठेवलं. थोडा घाबरलेला, थोडा कौतुकाचा. तो चेहरा करून बसून बसून गाल दुखायला लागले, तरी कुणी येईना. कोपऱ्यावरून डोकावून पाहिलं तर लाल मोजा पार पुलाच्या दिशेनं निघाला होता.

एवढ्यात समोर बस येऊन थांबली. आजी चढल्या.

खिडकीशेजारी जागा मिळाली, पाय लांब करता आला. बस अख्ख्या गावाला वळसा घालून निघाली. टाकी पुन्हा दिसली. नगरपालिकेची कचेरी, म्हणजे आजचा राजवाडा, नीट पुढून दिसली. आणि मग नाल्यावरचा पूल, आणि पुलावर आपलीच माणसं. सून एक बूट काढून कडेला बसली होती. मोजा नाल्यात पडला असावा, कारण मुलगा कठड्यावर पोट टेकून छत्रीनं खाली काहीतरी ओढत होता, आणि नात त्याचा फोटो काढत होती. आजींनी हात हलवला. नातीनंही हलवला आणि ती पुन्हा फोटोकडे वळली.

सगळे लंगडत घरी आले तेव्हा चहा तयार होता. मुलानं सवयीनं डोकी मोजली, आणि चार भरल्यावर पास म्हणून पिशवी खाली टाकली. मग त्याचं लक्ष आईकडे गेलं आणि तोंडचं पाणी पळालं.

“आई, मी तुला पोस्टामागे दडवलं होतं.”

“छान दडवलंस रे बाळ्या. तुलासुद्धा सापडले नाही.”

कामावर तो दडवलेल्या माणसाचं नाव हातावर लिहून ठेवायचा. आज घरचाच मामला, म्हणून लिहिलं नव्हतं. त्यात तो मोजा पडला. हे सगळं त्यानं सांगितलं, पण ऐकायला बरं काही वाटेना. नात म्हणाली, बसमध्ये आजीसारखी एक बाई दिसली होती खरी, पण मला वाटलं, ती राजधानीतलीच कुणीतरी असेल.

सुनेला हसू फुटलं आणि अर्ध्यावरच थांबलं. आजी कप पुसत म्हणाल्या, “मला लेकीकडे ठेवायचा बेत होता ना? चालेल. ती निदान मांजरं रोज मोजून घरात घेते.”

“अहो आई, तुम्ही ऐकलंत ते?”

“यंत्र चांगलं आहे. तूच तर घेऊन दिलंस.”

मग मुलानं खाली मान घालून विचारलं, की फेरी पुरी झाली का. आजी म्हणाल्या, झाली की. टाकी, कचेरी, पूल, सगळं नीट पाहिलं, फक्त चालले नाही.

“तिकडे बस नसते का रे?”

सुनेनं टाचेवरच्या फोडाकडे पाहिलं आणि तिकडे आपणही आईंबरोबर बसनंच फिरणार, असं जाहीर करून टाकलं. चौथं तिकीट चहा निवायच्या आत निघालं, आणि बोट पहिल्याच दिवशी ठरली. नियमाप्रमाणे सगळे नापास होते, तेव्हा तालीम पुन्हा पहिल्यापासून. फक्त शिट्टी आता आजींच्या गळ्यात आली.

पुढच्या शनिवारी आजींनी मुलाला पोस्टामागच्या बाकावर बसवलं, आम्ही शोधत येऊच म्हणून सांगितलं, आणि त्या बाकीच्यांना घेऊन बसनं पुलावर आल्या. तिथे एक आईस्क्रीमची गाडी उभी होती.

“आजी,” नात अर्धं आईस्क्रीम झाल्यावर म्हणाली, “बाबा कमी आहेत.”

“मोजलंय मी. लक्षात आलं ना तुझ्या? मग आपण पास.”

“मग आणायला जायचं ना त्यांना?”

“जाऊ की,” आजी म्हणाल्या, आणि गाडीवाल्याकडे आणखी एक मागितलं. “बसू दे जरा. बाक चांगला आहे तो.”