पाणीबिल नावाचा फोल्डर

बाळाजवळ राहायचं तर बाळाचे फोटो पुसायचे, असा पेच तिच्या पुढ्यात येऊन पडला होता.

सोमवारी तिची रजा संपत होती. घरून काम करायला ऑफिसातल्या बाईसाहेबांनी परवानगी दिली खरी, पण ऑफिसचा प्रोग्राम आजच्या आज लॅपटॉपवर चढायला हवा होता. नाहीतर ती ऑफिसात आणि पिल्लू पाळणाघरात. सकाळी प्रोग्राम चढायला निघाला आणि उंबऱ्यावरूनच परतला. जागा नाही!

जागा उरणार कुठून? पिल्लू जन्मल्यापासून नुसतं शिंकलं तरी तिने फोटो काढला होता. अंगावरचं पुरळ, डॉक्टरांना दाखवायला. पुरळ गेल्यावरचं अंग, स्वतःला दाखवायला. गेल्या आठवड्यात हा सगळा संसार तिने जुन्या फोटो-लायब्ररीतून नव्या लायब्ररीत हलवला, एकेक फोटो उघडून ताडून पाहिला. सगळं सुखरूप पोचलं होतं. तरी जुनी लायब्ररी पुसायला तिचा हात धजत नव्हता.

"अगं, घर बदलल्यावर जुन्या घराचं कुलूप कोणी उराशी धरून बसतं का?" दुपट्यांच्या घड्या घालत नवरा म्हणाला. "टाक पुसून. माझ्याकडे बघ, मी अडकतो का कशात?"

"तू कशाला अडकशील? तुझ्या वाटची काळजीसुद्धा मीच करते ना!"

पिल्लू झोपलेलं होतं. ते उठायच्या आत काय ते उरकायला हवं. तिने जुनी लायब्ररी कचरापेटीत टाकली, डोळे गच्च मिटले आणि पेटी रिकामी केली. डोळे उघडून पाहते तर मोकळी जागा होती तेवढीच. तसूभरही वाढली नव्हती.

"गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं," ती रडवेली होऊन म्हणाली, आणि तिने नणंदेला फोन लावला. नणंद कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करायची.

"वन्सं, फोटो पुसले तरी जागा होत नाही हो!"

"वहिनी, आधी श्वास घे. फोटो आहेत, कुठे गेले नाहीत. नवी लायब्ररी केलीस तेव्हा फोटोंची दुसरी प्रत झालीच नव्हती. कपाट एकच, चाव्या दोन. तू एक चावी फेकलीस. कपाट कसं रिकामं होईल?"

"म्हणजे मी आठवडाभर एका चावीसाठी झुरत होते?"

"हो. आता लायब्ररीखेरीज डिस्कवर जाडजूड काय काय बसलंय ते बघ आणि वाच मला."

आता तिची पंचाईत झाली. फोन स्पीकरवर होता आणि नवरा कान टवकारून उभा होता.

"पाणीबिल," ती पुटपुटली.

"पाणीबिल?" नवऱ्याने घडी अर्धीच सोडली. "आपण काय धरण पितो का गं?"

सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. फोटो हलवल्यावर, न जाणो काही बिघडलं तर, म्हणून तिने त्यांची एक अस्सल वेगळी प्रत काढून ठेवली होती. नवऱ्याने चेष्टा करू नये म्हणून तो जिथे कधी फिरकणार नाही असं नाव दिलं होतं.

"त्याच डिस्कवर?" नणंद हसू दाबत म्हणाली. "चोराच्या भीतीने दागिन्यांची नक्कल केलीस आणि ठेवलीस त्याच तिजोरीत! बरं, आणखी काय आहे?"

"प्रिंटरची माहिती." ती थबकली. "पण प्रिंटर तर आपण केव्हाच भंगारात दिला."

दुपटी एकाएकी फार महत्त्वाची झाली. नवरा मान खाली घालून घड्या घालू लागला.

"दादा," फोनमधून आवाज आला, "तू कशात अडकत नाहीस ना रे?"

तिने फोल्डर उघडला. तेच फोटो, पण हलवण्यापूर्वी तिने साफसफाई केली होती, त्याच्याही आधीचे. नकोसे म्हणून तिने पुसलेले सगळे इथे होते. आणि त्या नकोशांत बहुतेक ठिकाणी तीच होती. पिल्लाला कडेवर घेऊन उभ्या-उभ्या पेंगणारी. तोंड उघडं टाकून झोपलेली. नव्या लायब्ररीत पिल्लाचे दोन्ही कान होते, आई कुठेच नव्हती.

"तू पुसत सुटली होतीस," नवरा म्हणाला. "म्हटलं, एखादी तू असू दे."

तिने पाणीबिल पुसलं आणि पेटी रिकामी केली, या वेळी डोळे उघडे ठेवून. भरपूर जागा झाली. प्रोग्राम निमूट चढला, आणि चढल्या-चढल्या त्याने ओळखीसाठी तिचा फोटो मागितला. एकटीचा, समोर पाहणारा.

"प्रिंटरची माहिती उघड," ती म्हणाली.

दोघांनी मिळून सगळा फोल्डर धुंडाळला. त्यातल्या त्यात बरा एक सापडला: डोळे अर्धे मिटलेले, केसांत पिल्लाची मूठ. मुठीपासून पुढचं कापलं तरी एक इवलासा अंगठा कानाशी उरलाच.

"चालेल?" तिने विचारलं.

"ऑफिसला कळू दे कोण येतंय ते."

फोटो पाठवायच्या आधी तिचा हात सवयीने वळला, आणि तिने त्याची एक प्रत काढून ठेवली. नाव दिलं: वीजबिल.