जानकीसाठी सोललेला अर्जुनसादडा

मी धामापूरच्या व्हाळाकाठचा, म्हणजे ओढ्याकाठचा, एक अर्जुनसादडा. माझी पांढरी साल काळजाच्या दुखण्यावर देतात, म्हणून गावाला माझी ओळख.

गावचे वैद्य हरिश्चंद्र दर थंडीत यायचे. हातभर लांबीची एकच पट्टी काढायचे, तीही एका बाजूने, आणि उघड्या जागेवर शेण-माती लिंपून जायचे. पुढच्या वर्षी बाजू बदलायची. दोन वर्षांत जखम भरून यायची. त्यामुळे त्यांच्या येण्याचे मला काही वाटत नसे.

एकोणीसशे सत्तावन्न साली त्यांनी साल नेली ती जवळच राहणाऱ्या लवूच्या बायकोसाठी. जानकी तेव्हा सव्वीस वर्षांची होती. लहानपणी तिला सांधे धरणारा ताप आला होता. तेव्हापासून घागर उचलली की धाप लागायची. साल दुधात उकळून घेऊ लागल्यावर तिला थोडे बरे वाटले. पुढच्या पावसाळ्यात ती भातलावणीलाही उतरली.

मग पाय सुजले. वैद्यांनीच तिला मालवणच्या डॉक्टरांकडे पाठवले. त्यांनी छातीला नळी लावून सांगितले, की काळजातली एक झडप आवळली आहे आणि तिचे ऑपरेशन मुंबईत होते. लवू घाबरला. माझ्या सावलीत त्याने वैद्यांना विचारले, "छाती फाडल्यार माणूस जगता?"

"ता माका ठावक नाय," वैद्य म्हणाले. "पण माझ्या सालीन जेवढा होवचा होता, तेवढा झाला. हिका घेवन जा."

लवूला ते पटले नाही. थोड्या सालीने थोडे बरे वाटले, तर पुष्कळ सालीने पुरते बरे वाटेल, असा त्याचा हिशेब. दुसऱ्या सकाळी तो कोयता घेऊन आला आणि कमरेच्या उंचीवर त्याने माझी साल सगळ्या बाजूंनी सोलून काढली. पानांनी केलेले अन्न सालीतूनच मुळांकडे उतरते. ती वाट त्या सकाळी बंद झाली. तो वाईट माणूस नव्हता. सोलताना रडत होता.

तो दाट काढा जानकीच्या पोटात ठरेना. चौथ्या दिवशी ती स्वतः माझ्यापाशी आली. घर हाकेच्या अंतरावर, पण वाटेत तीनदा बसली. मागून लवू आला. तिने सोललेल्या पट्ट्यावरून हात फिरवला आणि शांतपणे म्हणाली, "ह्या झाडार कोयतो चालवताना तुमचो हात थांबलो नाय. मग डॉक्टराक कित्याक थांबवतास? माका मुंबैक घेवन चला."

आठवड्याने ती दोघे मालवणहून आगबोटीने गेली. तीन महिने त्यांच्या घराचे दार बंद होते. परतली तेव्हा जानकीच्या छातीच्या डाव्या अंगाला लांब व्रण होता, आणि थोड्याच दिवसांत घागर पुन्हा तिच्या कमरेवर आली.

आता बासष्ट साल चालू आहे. माझा शेंडा केव्हाच वाळला. व्हाळात कोसळू नये म्हणून लवू मला येत्या सोमवारी तोडणार आहे. बुंध्याशी दोन कोंब आले आहेत. ते राखायला वैद्यांनी सांगितले आहे, आणि जानकीने त्यांना काटेरी कुंपण घातले आहे.

कोंब मोठे झाले तर त्यांची साल जरूर न्या. एका बाजूनेच न्या. आणि ज्याला चार पावलांत धाप लागते, त्याला आधी डॉक्टरांना दाखवा. झाडाकडे मागाहून आलात तरी चालेल.