घाण्यावरची मी आणि माझी विसराळू सून

मित्रांनो, मला कुणी म्हातारी म्हटलं तर मी सोडून देते. बिघडलेली म्हटलं तर सोडत नाही. आमचा कॉम्प्युटरवाला गाझी नेमकं तेच म्हणाला, तेही चार माणसांसमोर.

मी एक जुनी, चिठ्ठ्या छापणारी मशीन आहे. शाळा शिकले नाही. कारखान्यातून निघाले ती थेट ट्युनिशियातल्या स्फाक्स शहराच्या या तेलघाण्यावर आले. ऑलिव्हच्या हंगामात प्रत्येक पोत्यावर, ज्याचं पोतं त्याच्या नावाची, माझी चिठ्ठी लागते. इथल्या माणसाला तेल स्वतःच्याच झाडांचं हवं, दुसऱ्याचं घशाखाली उतरत नाही. एकदा माझ्यावर तेल सांडलं, तर मालकानं स्वतःच्या रुमालानं पुसलं. असा माझा थाट!

यंदा शेजारी नवी सून आली. तिला थिन क्लायंट म्हणतात, म्हणजे एक छोटा कॉम्प्युटर. दिसायला सडपातळ, पण अक्कल सगळी माहेरी, मागच्या खोलीतल्या सर्व्हरकडे. तिचं बोलणं मला कळेना, म्हणून गाझीनं ड्रायव्हर नावाचा दुभाषी तिच्याकडे बसवला. मी झरझर छापलं. गाझी चहा पिऊन गेला. संध्याकाळी सूनबाईला बंद केलं, आणि सकाळी उठली ती दुभाष्याला विसरूनच! रोज हेच. शेवटी गाझी वैतागून म्हणाला, “ही म्हातारीच बिघडलीय. भंगारात टाका.”

माझ्या चिठ्ठ्या बंद पडल्या, आणि खडूच्या खुणा ओल्या पोत्यांवर टिकेनात. मालक सगळ्यांचे ऑलिव्ह एकत्रच घाण्यात घालायला निघाला. तशी ऑलिव्ह घेऊन आलेली सालहाखाला, म्हणजे सगळ्यांची सालहामावशी, आपल्या पोत्यावर जाऊन बसली. झाडं तिच्या नवऱ्यानं लावलेली, आणि तो गेल्यानंतरचा हा पहिला हंगाम.

“खाला, तेल ते तेलच,” गाझी म्हणाला.

“मग लग्नात बायकोही कुठलीही चालेल का रे तुला? मी नाही उठत.”

बिचाऱ्यानं दुभाषी पुन्हा बसवला. या वेळी खात्री करावी म्हणून सूनबाईला बंद करून परत चालू केलं. दुभाषी गायब! त्यानं कपाळावर हात मारला. सूनबाईच्या आठवणीला कुलूप असतं. ते न उघडता शिकवलेलं सगळं झोपेत पुसलं जातं, आणि कुलूप उघडायला तोच विसरला होता. मग त्यानं कुलूप काढलं, दुभाषी बसवला, कुलूप लावलं, तिला झोपवून उठवलं, तर दुभाषी जागेवरच!

मी छापलं, ‘सालहा’. खालानं चिठ्ठी पोत्यावर दाबून दाबून चिकटवली, आणि मगच उठली.

गाझी ओशाळून आपल्या मळक्या रुमालानं माझी धूळ पुसायला वाकला, तेव्हा कर्रकर्र करत मी त्याला सुनावलंच, “पोरा, हात तुझा चांगला आहे. पण कुणाला भंगारात काढण्याआधी स्वतःचं काम एकदा झोपवून उठवून बघत जा. आणि उद्या रुमाल धुतलेला आण.”