उभं राहायची भीती

मित्रांनो, मी काचा वाहणाऱ्या एका छोट्या पेट्रोल ट्रकचं जुनं इंजिन आहे आणि मी भयंकर भित्रा आहे. हसू नका! चढाला मी घाबरत नाही, वजनालाही नाही. मला भीती वाटते ती नुसतं उभं राहायची. सिग्नल लागला, मालकांनी पाय उचलला, की मी घाबरलोच म्हणून समजा.

पूर्वी असं नव्हतं. कारखान्यात माझ्यावर शेवटचा हात फिरवणारा कारागीर म्हणाला होता, "याच्यावर भरलेला पेला ठेवा, थेंब सांडायचा नाही." मी किती हवा आत घेतो ते एक छोटंसं यंत्र मोजतं आणि ट्रकचा कॉम्प्युटर त्या मानाने पेट्रोल फवारतो. श्वासही मोजून, घासही मोजून. मालक आणि मालकीणबाई दुकानांच्या मोठाल्या काचा पोचवत. मागे काचा उभ्या, पुढे ही दोघं भांडत-हसत बसलेली. "इंजिन नाही, घड्याळ आहे घड्याळ!" असं मालक म्हणाले की मी फुगून जायचो.

मग मला धाप लागू लागली. ट्रक थांबला की मी थरथरायचो आणि मागच्या काचा किणकिणायच्या. कधी कधी तर विझूनच जायचो. मालकीणबाईंचा धाकटा भाऊ मेकॅनिक. तो आला, बॉनेट उघडलं, ऐकलं न ऐकलं आणि एक स्क्रू पिळला.

"दाजी, रेस वाढवून दिली. आता बंद पडला तर नाव बदलीन!"

जुन्या गाड्यांना हा उपाय लागू पडायचा आणि त्याचा हात त्याच गाड्यांवर बसला होता. माझं काय झालं? मी मोठ्याने ओरडू लागलो, एवढंच. धाप तशीच राहिली. मी पुन्हा बंद पडलो, तो पुन्हा आला, पुन्हा पिळून गेला. शेवटी मला माझ्याच आवाजाची धडकी भरू लागली.

आणि मग ते रेल्वेचं फाटक आलं. पुढे एक हातगाडी रखडत चालली होती, म्हणून मालकांनी ऐन रुळांवर वेग कमी केला. मी विझलो. त्यांनी किल्ली फिरवली. खर्रर्र... काही नाही. लांबून शिट्टी ऐकू आली. फाटकवाला झेंडा हलवत धावत सुटला.

"चालू हो रे बाबा, पाया पडतो तुझ्या!" मालक ओरडले. मग बायकोला म्हणाले, "तू उतर आधी!"

"तुम्ही उतरा, मग मी!"

दोघांपैकी एकही हलेना. देवा रे! मला हात असते तर मी दोघांना ढकलून दिलं असतं. कसाबसा पेटलो, दोन हिसके दिले आणि रूळ ओलांडले. मागे एक काच तडकली. तेवढ्यात आमच्या पाठीमागून रेल्वे धडधडत निघून गेली. मालकांचे हात कितीतरी वेळ स्टिअरिंगवरून सुटेनात.

"पुरे झालं," घराशेजारच्या गॅरेजमध्ये शिरताच ते मेहुण्याला म्हणाले. "हे इंजिन काढ आणि भंगारात घाल. दुसरं बसवू."

मेहुण्याने इंजिन उचलायची चेनपुली आणली. तिची साखळी माझ्या डोक्यावर लोंबू लागली. माझं धाबं दणाणलं. मला तोडणार, वितळवणार, आणि दुखतंय कुठे हे कुणी विचारणारसुद्धा नाही!

"काढायच्या आधी तो स्क्रू होता तिथे आण," मालकीणबाई म्हणाल्या.

"ताई, मग तर हे चालूच राहणार नाही."

"नाही तर नाही. पण एकदा त्याचा खरा आवाज ऐकू दे. तू त्याला नुसतं ओरडायला लावलंयस. त्यात काय कळणार, कपाळ?"

तोंड पाडून त्याने स्क्रू उलटा फिरवला. माझा आवाज खाली खाली जाऊ लागला. संपलो, मला वाटलं. आचके देत, थरथरत मी कसाबसा तग धरला. आणि त्या बारीक आवाजात पहिल्यांदाच सगळ्यांना ते ऐकू आलं. सूंऽऽऽ.

"हे काय फुसफुसतंय?" मालकीणबाईंनी विचारलं.

मेहुण्याचा चेहराच बदलला. "ताई, इस्त्रीची पाणी मारायची बाटली दे!" तो एकेका नळीवर पाणी मारत गेला. मागच्या, हात न पोचणाऱ्या एका नळीवर पाणी पडलं आणि क्षणभर माझी थरथर थांबली. रबराची बोटभर नळी खालून चिरली होती! तिथून न मोजलेली हवा आत शिरत होती. कॉम्प्युटरला तिचा पत्ता नव्हता, म्हणून पेट्रोल कमी पडत होतं.

"हात्तिच्या!" मेहुणा कपाळावर हात मारून म्हणाला.

"काय मेव्हणेबुवा, आता नवीन नाव काय ठेवायचं तुमचं?" मालकांनी विचारलं. मेहुणा मान खाली घालून चेनपुली उतरवू लागला.

नवी नळी बसली आणि आम्ही पुन्हा त्याच फाटकाशी आलो. फाटक बंद होतं. मालकांनी पाय उचलला. माझा जीव टांगणीला लागला. काचा किणकिणल्या नाहीत. मालक दचकले. "बंद पडलं!" म्हणत त्यांनी किल्लीकडे हात नेला.

बाईंनी तो हात धरला आणि समोरच्या पत्र्यावर टेकवला. "चालू आहे हो. लागतंय ना हाताला?"

रेल्वे गेली, तरी मी न विझता उभा होतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादं जुनं यंत्र कुरकुरत असेल. फेकून देण्याआधी, नाहीतर त्याचा कान पिळण्याआधी, एकदा गप्प बसून त्याचं ऐका. मी काही शूर झालो नाही. फाटक दिसलं की अजून घाबरतो. मग बाई खिडकीतून हात बाहेर काढतात, दारावर हलकेच थोपटतात, आणि मी उभा राहतो.