सांतो की मेवो

सकाळची भांडी घासून ड्रूसिला घराच्या पुढच्या बाजूला आली, तर उजेड गेलेला. कोंबड्या नीरफणसावर चढून पंखांत मान घालून बसल्या होत्या. वर डोंगराच्या बाजूनं काळं काहीतरी गावावर झुकत होतं. तो ढग नव्हता.

"आज पण," लीना दारातून म्हणाली.

"आत हो. तोंडाला फडकं बांध."

लीना ही तिची सून. दिवस भरत आलेले. नवरा न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेलेला, त्याचं काम संपायला अजून अवकाश होता. त्यामुळे ही पोर आणि तिच्या पोटातलं, दोन्ही ड्रूसिलाच्या गळ्यात. सासूनं सुनेचं करावं यात नवल नाही, पण रात्रंदिवस आग ओकणाऱ्या डोंगराखाली करायचं म्हणजे जीव टांगणीला.

राख पडताना आवाज होत नाही असं ज्यांनी पाहिलं नाही त्यांना वाटतं. होतो. पानांवर बारीक सरसर सुरू होते, जणू कुणी तांदूळ पाखडतंय, आणि ती थांबतच नाही. आंबाए बेटावरच्या त्या गावात आता पालेभाजी शिल्लक नव्हती, टारो या अळूसारख्या कंदाची पानं करपून गेली होती आणि टाकीतलं पाणी प्यायलं की जिभेला जुन्या खिळ्याची चव लागायची.

दुपारी सभेच्या घरी सगळे जमले. पुरुष आत, बायका दाराशी. गावप्रमुख हूबर्टनं सांगितलं, की या खेपेला सरकार अख्खं बेट रिकामं करतंय. दोन जहाजं येतील. एक पश्चिमेला सांतो बेटावर जाईल, एक पूर्वेला मेवो बेटावर. ज्यानं त्यानं आपापलं ठरवावं, पण रविवारच्या प्रार्थनेच्या आत ठरवावं.

"सांतो," क्लेमंट लगेच म्हणाला. क्लेमंट ड्रूसिलाचा नवरा. त्याचा धाकटा भाऊ सांतोच्या गावात लाकडाच्या गिरणीत होता. "तिथं हॉस्पिटल आहे. आमच्या घरात बाळंतीण आहे."

"मेवोला कोण जाणार मरायला," मागून कुणीतरी बोललं. "त्या लोकांच्या हातचं पाणी प्यायलं की माणूस परत येत नाही."

यावर म्हातारी मेबेल आत्या हसली. ती क्लेमंटची आत्या. दात उरले नव्हते, पण जीभ शाबूत होती. "आणि आपण काय देवदूत? मागच्या खेपेला सांतोच्या बाजारात मी उभी राहिले तर ती बाई शहाळ्यांवर फडकं टाकायला लागली. म्हणे आंबाएची म्हातारी, नजर लावील. अरे, सगळी बेटं आपल्याला भितात, आपण मेवोला भितो, मेवोवाले कुणाला भितात देव जाणे."

लोक हसले. ड्रूसिला हसली नाही. तिला सांतोचीही भीती वाटत होती आणि मेवोचीही, आणि इथं बसून राहायची तर सगळ्यात जास्त. मागच्या साली असंच बेट सोडून ते सांतोला गेले होते. शाळेच्या एका हॉलमध्ये सगळं गाव. तिथंच लीनाचं पहिलं बाळ पोटातच गेलं. हॉस्पिटल दोन रस्ते सोडून होतं, पण तिला न्यायला गाडी मिळाली तोवर उशीर झाला होता. आणि मेवोबद्दल तर ती लहानपणापासून ऐकत आली होती, की तिथली माणसं नदीत उतरतात आणि दुसऱ्याच्या घरात निघतात.

तिची आई मेवोची. पण आई ती फार लहान असताना गेली, आणि वडलांकडच्या बायकांनी आईच्या माहेराचं कधी चांगलं सांगितलं नाही.

आत कोपऱ्यात तिचा थोरला भाऊ बसला होता. तो हूबर्टला म्हणाला, "मी कुठं जाणार नाही. माझी डुकरं इथं, बायकोचं थडगं इथं. मला आपलं राहू द्या."

ड्रूसिलानं मान खाली घातली. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, की अरे वेड्या, चल. पण त्या बेटावर मोठी झालेली बहीण भावाशी बोलत नाही. त्याचं नाव घेत नाही, त्याच्या घरात पाऊल टाकत नाही, वाटेत तो दिसला तर बाजूच्या झाडीत वळते. हा राग नसतो, मान असतो. तिनं मेबेल आत्याच्या कानात सांगितलं, आत्यानं मोठ्यानं म्हटलं, "कुणीतरी म्हणतंय, थोरल्यांनी हट्ट करू नये." भाऊ भिंतीकडे बघून म्हणाला, "त्या कुणाला सांगा, काळजी करू नये." संपलं बोलणं.

दुसऱ्या दिवशी राखेवर पाऊस आला. राख कोरडी असते तोवर झाडता येते. भिजली की ती ओल्या सिमेंटसारखी होते. गावातले पुरुष चर्चचं छप्पर वाचवायला गेले होते, क्लेमंटही त्यांच्यात. ड्रूसिलानं किसलेल्या टारोचं लापलाप पानात गुंडाळून भाजलं आणि नेहमीप्रमाणे भावाकडे निघाली. भाऊ एकटा होता, बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती रोज त्याच्या उंबऱ्याबाहेरच्या दगडावर पान ठेवायची, खाकरायची आणि मागं वळायची. तो नंतर येऊन उचलायचा.

त्याचं घर गावाच्या टोकाला. ती कुंपणाशी पोचते तोच आधी कळकाचा कडकड आवाज झाला, मग छप्पर हळूच, अगदी दमलेल्या माणसानं बसावं तसं, खाली बसलं.

ती खाकरली. काय करावं ते सुचेना म्हणून सवयीनं खाकरली.

आतून काही नाही.

"आत कोण आहे का?" ती म्हणाली. मग, "अहो." मग पुन्हा, "अहो, थोरले." पाऊस राखेचा चिखल घेऊन तिच्या कपाळावरून ओघळत होता. आसपास चिटपाखरू नव्हतं. लापलापचं पान हातातून कधी गळून पडलं ते तिला कळलंच नाही.

"सायलस," ती म्हणाली. न्हाण आल्यापासून हे नाव तिच्या तोंडून निघालं नव्हतं. "सायलस, कुठं आहेस?"

"इथंय," खालून आवाज आला. "पाय अडकलाय."

ती उंबरा ओलांडून आत गेली. हातांनी राख उपसली, छपराची भिजलेली पानं ओढून फेकली. मुख्य वासा त्याच्या गुडघ्याखाली आडवा पडला होता. एक कळक सापडला, तो घालून तिनं वासा उचलायला बघितला. हलेना. उरलेलं अर्धं छप्पर वर करकरत होतं.

"मी माणसं बोलावून आणते."

"नको जाऊस," तो म्हणाला. डोंगरासारखा माणूस, पण आवाज पोरासारखा झाला होता. "ते पण पडेल. मी एकटा नाही मरणार."

मग तिला जाववेना. कळक पुन्हा घातला, सगळं अंग त्यावर टाकलं, आणि तो जरा सरकला, जरा सरकला, शेवटी मोकळा झाला. पाय भलत्याच बाजूला वळला होता. तिनं त्याला काखेत धरून बाहेर ओढलं. दोघं नीरफणसाखाली चिखलात बसून राहिले, एकमेकांकडे न बघता.

"तुम्ही मेवोला जा," सायलस मध्येच म्हणाला. शुद्धीवर आल्यासारखा पुन्हा मानानं बोलायला लागला होता.

"मला तिथली भीती वाटते."

"मी गेलोय तिथं. आईबरोबर. तुमचा जन्म व्हायचा होता." वेदनेनं तो थोडा थांबला. "तिची मावशी होती, मामा होते. डोंगरातून पाणी येतं, टारो पाण्यातच लावतात. मला कुणी खाल्लं नाही. उलट आम्ही निघालो तर रडले."

"इतकी वर्षं सांगितलं का नाही मग?"

"सांगणार कसं?" तो म्हणाला. "तुमच्याशी बोलायचंच नाही ना."

चर्चवरून माणसं धावत आली. त्यांनी बहीणभावाला शेजारी बसलेलं पाहिलं आणि तोंडं दुसरीकडे फिरवली.

संध्याकाळी क्लेमंटनं निकाल लावला. "आता तर प्रश्नच मिटला. थोरल्यांचा पाय मोडलाय, लीनाचे दिवस भरत आलेत. सगळे सांतोला."

त्याचं काय चुकत होतं? काहीच नाही. ड्रूसिला चुलीपाशी बसून विचार करत होती. सांतो म्हटलं की तो हॉल, ती गर्दी. मेवो म्हटलं की अनोळखी किनारा, एक नर्स आणि छोटासा दवाखाना, काही बिनसलं तर मध्ये समुद्र. आपण एक बोट दाखवायचं आणि त्या बोटावर दोन जीव. कुठलंही दाखवलं तरी चुकू शकतं.

मग तिच्या ध्यानात आलं, की सगळ्या गावानं मत दिलं, लीनाला कुणी विचारलेलं नाही.

"तुला कुठं जायचंय गं?"

लीना दचकली. तिनं चटईची एक दशी ओढली. "मेवोला," ती म्हणाली.

"हॉस्पिटल नाही तिथं," क्लेमंट म्हणाला. "एवढं तरी कळतंय ना?"

"कळतंय, बाबा." ती त्याच्याकडे न बघता बोलत होती. "मागच्या वेळी सांतोला मी नळावर उभी होते. उन्हात. दोन्ही बादल्या भरायच्या होत्या. तिथंच पोटात कळ आली. म्हटलं, नंबर सोडला तर पाणी मिळणार नाही. म्हणून बोलले नाही कुणाशी. नंतर हॉलमध्ये आले तेव्हा सगळं ओलं झालेलं." तिनं फडक्यानं नाक पुसलं. "मेवोला वाहतं पाणी आहे म्हणतात. मला रांगेत नाही उभं राहायचं."

क्लेमंट उठून बाहेर गेला आणि कितीतरी वेळ पडवीवरची राख खरडत राहिला. आत आला तेव्हा म्हणाला, "मी थोरल्यांना घेऊन सांतोला जातो. तुम्ही दोघी मेवोला जा. पण ड्रूसिला, हिला काही झालं तर..." पुढचं त्यानं गिळलं.

"माहीत आहे," ती म्हणाली.

मेवोचं जहाज म्हणजे माल वाहणारी जुनी बोट. मेबेल आत्याही त्यांच्याबरोबर निघाली, म्हणे मला त्या लोकांना एकदा बघायचंच आहे. सामुद्रधुनीत लाटा आडव्या येत होत्या. लीना रेलिंगला धरून ओकत होती, ड्रूसिला तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होती आणि मनात एकच घोकत होती, आता वळता येणार नाही. मागं आंबाए काळ्या धुरात बुडालं होतं.

मेवोच्या किनाऱ्यावर माणसं रांगेनं उभी होती. बायका, पुरुष, सगळी गप्प. कुणी हात हलवला नाही. एक उंच म्हातारी पुढं आली आणि तिनं बांबूच्या नळकांड्यातून पाणी पुढं केलं. ड्रूसिलानं ते घेतलं, पण ओठाला लावेना. लहानपणी ऐकलेलं सगळं आठवलं. लीनानं तिच्या हातातून नळकांडं काढून घेतलं आणि गटागटा संपवलं.

"आणखी आहे?" तिनं विचारलं.

म्हातारी पहिल्यांदा हसली. "आम्हीच घाबरलो होतो," ती म्हणाली. "आंबाएची माणसं येणार म्हटल्यावर पोरांना घरात कोंडून आलोय." मग ड्रूसिलाच्या तोंडाकडे निरखून बघत म्हणाली, "तू कुणाची?"

ड्रूसिलानं आईचं नाव सांगितलं. म्हातारी तिची हनुवटी धरून उभी राहिली, आणि मागच्या बायका एकेक करून जवळ आल्या.

याचा अर्थ सगळं सुरळीत झालं असा नाही. लीनाच्या कळा सुरू झाल्या त्या दिवशी समुद्र खवळलेला होता. मूल आडवं होतं. छोट्या दवाखान्यातली नर्स आणि ती उंच म्हातारी दोघी आत, ड्रूसिला बाहेर पायरीवर. आतून आधी ओरडणं येत होतं, मग ते बंद झालं, आणि ते बंद होणं जास्त वाईट होतं. नर्स रक्तानं भरलेली फडकी घेऊन बाहेर आली, नवी घेऊन आत गेली, तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सांतोला नेलं असतं तर, ड्रूसिला मनात म्हणत होती. मी हिला मारलं. हिनं मागितलं आणि मी दिलं, मोठी असून दिलं.

सूर्य कलता झाला तेव्हा मूल रडलं. मुलगी. लीना वाचली, पण महिनाभर भिंतीला धरून चालत होती. म्हातारी तिच्या अंगाला पाला चोळायची, आणि ड्रूसिला रोज सकाळी आधी तिचा श्वास चालू आहे का ते बघायची. आपण बरोबर ठरवलं असं तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. तिला पक्कं माहीत होतं, थोडक्यात निभावलं.

सरकारनं परतायला परवानगी दिली तेव्हा सायलस पहिल्याच बोटीनं, लंगडत, आपल्या डुकरांकडे आंबाएला गेला. अर्धी मेली होती, अर्धी रानात पळाली होती. क्लेमंट मात्र मेवोला आला. भावाच्या खोलीत आठ जणांत झोपून त्याची पाठ गेली होती. ओढ्याच्या कडेला ड्रूसिलानं केलेला टारोचा वाफा बघून तो म्हणाला, "हे निघेपर्यंत थांबू." ते निघाल्यावर तिनं पुन्हा टारो लावला आणि त्यानं विचारायचं सोडून दिलं.

मुलाचं लांबत गेलेलं काम शेवटी संपलं तेव्हा त्याचा न्यूझीलंडहून फोन आला.

"आई, मी उतरू कुठं? घर कुठलं आता?"

"मेवोला उतर."

"तिथले लोक कसे आहेत?"

"कसे म्हणजे? जरा कमी बोलतात. तुझी लेक त्यांच्यातल्या एका आजीच्या कडेवरून उतरत नाही."

"मला कसंतरीच वाटतंय, आई."

"वाटू दे. मलाही वाटतं अजून. आभाळ भरून आलं की आधी डोंगराकडे बघते, तो इथं नाही तरी." तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "आणि ऐक, बोट किनाऱ्याला लागत नाही, गुडघाभर पाण्यात उडी मारावी लागते. नवे बूट घालून येऊ नकोस."