घोटभर पाणी

"बोला साहेब, सलग तीन मॅच हरलो. चुकलं कुणाचं?" मुकादमाने डब्यातला चमचा माईकसारखा नकल्याच्या तोंडापुढे धरला.

नकल्याने लगेच उत्तर दिलं नाही. घडी घातलेल्या चादरींच्या ढिगाला टेकून तो ताठ बसला आणि मुकादमाच्या डोक्यावरून पलीकडे कुठेतरी बघू लागला. मग सावकाश हात लांब करून पाण्याचा पेला उचलला. एक घोट. पेला खाली. पेल्याला दोन बोटांनी अर्धं वळण. हनुवटी जराशी वर. सगळी लॉन्ड्री टक लावून बघत होती. आणि मग, उपकार केल्यासारखं, "पुढचा प्रश्न."

असा हशा पिकला की ड्रायव्हरला ठसका लागला. एका हाताने छाती चोळत आणि दुसऱ्या हातात फोन धरून तो म्हणाला, "परत, परत! पाण्यापासून परत कर. मघाशी हात हलला माझा."

नकल्याने परत केलं. कलावंताला आग्रह लागतो, पण फार लागत नाही.

हॉस्पिटलच्या तळघरातली ही लॉन्ड्री. एका दाराने वॉर्डांतल्या मळक्या चादरी येतात, दुसऱ्या दाराने कडक इस्त्रीच्या होऊन जातात. मधल्या गरम रोलरवर नकल्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. दोघांनी ओली चादर झटकून रोलरच्या तोंडाशी धरायची, सुरकुती पडू द्यायची नाही, आणि बोटं वेळेवर मागे घ्यायची, एवढंच काम. त्याचं खरं नाव पगाराच्या दिवसापुरतं होतं. डीनच्या चालण्यापासून मोठ्या नर्सबाईंच्या शिंकेपर्यंत तो सगळ्यांच्या नकला करायचा, म्हणून नकल्या. यंदा त्याला गावाच्या फुटबॉल टीमचा नवा मॅनेजर सापडला होता.

मॅनेजरचं नाव पडलं होतं लाटसाहेब. टीम हरत होती, पण लोकांचा राग हरण्यावर नव्हता. राग होता तो मॅच संपल्यावरच्या मुलाखतींवर.

"हरलास, ठीक आहे. हरून वर तोरा कसला?" मुकादम म्हणाला. "प्रश्न विचारला की आधी पाणी प्यायचं. म्हणजे काय, तुम्ही ताटकळा, मी घसा ओला करतो."

"बोलतो तरी किती? चार शब्द," ड्रायव्हर म्हणाला. "पाचवा शब्द बोलला तर याचं काय झिजतं? आधीचा मॅनेजर कसा बोलायचा! ऐकत राहावंसं वाटायचं."

"तोही हरतच होता की," फाटक्या चादरींना टाके घालणारी मावशी मशीनवरून मान वर न करता म्हणाली.

"पण गोड बोलून हरायचा, मावशी!"

"मला तर हा भ्यालेला वाटतो. घाबरलेलं माणूस असंच कुठेतरी तिसरीकडे बघतं."

"मावशी, तुम्ही आपलं टाक्यांकडे बघा," नकल्या म्हणाला, आणि पुन्हा सगळे हसले. ड्रायव्हरने तोवर ते चित्रण चाहत्यांच्या ग्रुपवर टाकूनही दिलं होतं.

पुढच्या घरच्या सामन्यापर्यंत नकल्याची कला गावभर झाली होती. मॅनेजर बाकाशी येऊन उभा राहिला आणि उत्तरेकडच्या अख्ख्या स्टँडने पाण्याच्या बाटल्या वर केल्या. एक घोट. बाटली खाली. मग हजारो तोंडांनी एकच आरोळी, "पुढचा प्रश्न!" मॅनेजरने एकदा वर पाहिलं आणि परत मैदानाकडे बघितलं. मागच्या रांगेतल्या कुणीतरी नकल्याला ओळखलं, पाठीवर थाप मारली आणि म्हणालं, "दादा, तुम्हीच ना ते?" नकल्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. घरी जाऊन चिमणीला सांगायला हवं, असं त्याला वाटलं.

चिमणी म्हणजे त्याची मुलगी. पाळण्यात असताना अखंड चिवचिवायची म्हणून ते नाव पडलं, आणि बोलायला लागली तेव्हा अडखळत बोलायला लागली. नाव तेच राहिलं. प आणि क तिच्या वाटेत धोंड्यासारखे यायचे. ओठ मिटायचे, जबडा घट्ट व्हायचा, डोळे समोरच्याला सोडून भिंतीवर जायचे. अशा वेळी नकल्या पटकन तो शब्द बोलून टाकायचा. शेजारीण विचारायची, "काय गं, काय शिकतेस?" आणि उत्तर नकल्या द्यायचा. दुकानात, दवाखान्यात, फोनवर, सगळीकडे तोच. पोरीला कष्ट पडू नयेत म्हणून. बापाची माया होती ती, त्यात खोट नव्हती.

या वर्षी मात्र ती पुष्कळ सुधारली होती. पाहुण्यांशी स्वतः बोलायची. लॅब टेक्निशियनची परीक्षा पास झाली, त्यातली तोंडी परीक्षासुद्धा एकटीने देऊन आली. वय वाढलं की सुटतं, नकल्याने बायकोला सांगितलं.

एक गोष्ट त्याला गमतीची वाटायची. चिमणीला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मॅनेजरची मुलाखत लागली की ती हातातलं काम टाकून टीव्हीसमोर यायची. "काय गं, लाटसाहेबांवर मन जडलं की काय?" तो चिडवायचा. ती हसून आवाज वाढवायची. एकदा त्याने तिच्या देखत पेला उचलून ती नक्कल करून दाखवली. ती उठून आत गेली. डोकं दुखत असेल, असं त्याला वाटलं होतं.

नोकरीच्या मुलाखतीच्या दिवशी चिमणीचा पांढरा शर्ट त्याने स्वतः इस्त्री केला. शाळेत जायला लागल्यापासून तिच्या कपड्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. कॉलर आधी आतून, मग बाहेरून, मग बाह्या. "या शर्टाकडे बघूनच नोकरी देतील," तो म्हणाला. गावातल्या मोठ्या खासगी लॅबची मुलाखत होती. चिमणीने शर्ट घातला, आरशात पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, मी एकटी जाते."

संध्याकाळी तो कामावरून आला तेव्हा ती स्वयंपाकघरात आईशेजारी बसली होती. शर्ट अजून अंगावरच होता.

"काय झालं गं? कशी झाली?"

तिने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "कळवतो म्हणालेत."

"मग चेहरा का असा? कळवतील की! काय विचारलं?"

"अहो, थांबा जरा. ती सांगेल."

ती सांगायला लागली आणि नकल्याच्या लक्षात आलं, की पोरगी पुन्हा जुन्यासारखी अडखळतेय. जुन्याहूनही जास्त. त्याच्या तोंडात शब्द तयार होत होते, पण बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की ते तोंडातच राहिले.

तीन जण होते. मधल्या बाईंनी विचारलं, तुमच्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग कोणता? उत्तर तिला पाठ होतं. पण पहिलाच शब्द प वरून होता. समोर पाण्याचा पेला ठेवलेला होता. तिने एक घोट घेतला, पेला खाली ठेवला, बोटांनी थोडा फिरवला.

"प... पेला फिरवताना मनात शब्द म्हणायचा असतो," ती म्हणाली. "मग तो सुटतो."

"हे तुला कुणी शिकवलं?" नकल्याने विचारलं.

"त्यांच्याकडून शिकले. मुलाखती बघून."

टेबलाच्या टोकाला बसलेला तरुण साहेब पेला बघून फुटलाच. वाईट माणूस नव्हता, ती म्हणाली. त्याला हसू आवरेना एवढंच. "अहो, ह्या तर आमच्या लाटसाहेब!" मधल्या बाईंना काही कळलं नाही, तर त्यांना समजावं म्हणून त्याने फोन काढला आणि एक व्हिडिओ लावून टेबलावर फिरवला.

"कसला व्हिडिओ?" आईने विचारलं.

चिमणी बापाकडे बघत राहिली. जबडा घट्ट झाला. या वेळी नकल्याला शब्द ठाऊक होता आणि तो त्याच्याने बोलवला नाही.

"बाबांचा," ती म्हणाली.

शेगडीवर काहीतरी उतू गेलं, आईने उठून गॅस बंद केला.

"मग तू काय म्हणालीस? माझे वडील आहेत म्हणून..." नकल्याने विचारलं.

"नाही. सगळे हसले." ती थांबली. "मीपण हसले."

नकल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पायातले बूटही त्याने अजून काढले नव्हते.

"मला काय माहीत, चिमणे? मला वाटलं तो माज करतो. सगळ्या गावाला तसंच वाटतं."

"गावाला वाटू दे," ती म्हणाली. त्यात राग नव्हता, हे फार वाईट होतं. "तुम्हाला कळलं नाही? तुम्हाला?"

मिटलेले ओठ, घट्ट जबडा, भिंतीवर गेलेले डोळे. वीस-बावीस वर्षं जे रोज जेवणाच्या टेबलावर समोर बसलं होतं, त्याची त्याने लोकांपुढे हुबेहूब नक्कल केली होती आणि आपण कुणाची नक्कल करतोय हे त्याला कळलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण त्याने हजारदा दुसऱ्यांना ऐकवली होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मुकादमाने चमचा पुढे धरला. "बोला साहेब..."

"आज नको."

"अरे, वॉर्डबॉय खास बघायला आलेत."

"नको म्हटलं ना."

"बघा, बघा! भाव खातोय," ड्रायव्हर म्हणाला. "नक्कल करता करता हाच लाटसाहेब झाला!"

हशा पिकला. नकल्याने तो संपू दिला, मग ड्रायव्हरला बाजूला घेऊन म्हणाला, "तो व्हिडिओ काढून टाक."

"माझ्या हातात काय आहे आता? कुठल्या कुठे गेला तो. का रे, मॅनेजरने धमकी दिली की काय?"

"तो अडखळतो," नकल्या म्हणाला. "मॅनेजर. बोलताना अडखळतो. माज नाही तो. शब्द यावा म्हणून पाणी पितो."

बोलणं जरा मोठ्याने झालं होतं. सगळ्यांनी ऐकलं. मावशीने मशीनवरून मान वर केली.

"असेल," मुकादम शेवटी म्हणाला. "पण मग बोलायचं काम घ्यावंच कशाला माणसाने?"

"तेच तर," ड्रायव्हर म्हणाला. "जमत नाही तर घरी बसावं."

माझी पोरगी, असं नकल्याला म्हणायचं होतं. माझी पोरगीपण तशीच बोलते, घरी बसवू का तिला? वाक्य घशापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. तिचं नाव या हसणाऱ्यांत टाकायची लाज वाटली, की आपली लाज झाकायची होती, हे त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. तो उठला, रोलरपाशी गेला आणि सुट्टी संपायच्या आधीच ओली चादर एकट्याने झटकायला लागला. एकट्याने ती नीट झटकता येत नाही. मावशी टाके अर्धवट सोडून आली, तिने चादरीचं दुसरं टोक धरलं आणि काही विचारलं नाही.

त्या आठवड्यात चिमणी घरात हो आणि नाही एवढंच बोलली. दारावर कुणी आलं की आत जायची. नकल्या पूर्वीसारखा तिच्या वतीने बोलायला पुढे व्हायचा आणि अर्ध्यावर ओशाळून थांबायचा.

शनिवारी टीम पुन्हा हरली. नकल्या सामन्याला गेला नव्हता. मुलाखत सुरू झाली तेव्हा टीव्हीसमोर तो एकटाच होता. चिमणी आली आणि दारातच उभी राहिली.

टेबलावर माईक होते, क्लबचा झेंडा होता. पेला नव्हता.

"पाणी नाही ठेवलं," चिमणी म्हणाली.

पत्रकाराने विचारलं, पराभवाची कारणं काय? मॅनेजरचा हात सवयीने पुढे आला, रिकाम्या जागेवर थांबला आणि मागे गेला. ओठ मिटले. जबडा घट्ट झाला. खोलीत कुणीतरी खुसखुसलं. नकल्याने खुर्चीचे हात घट्ट धरले. बोल, बाबा, बोल, असं तो मनात म्हणत होता, आणि तो शब्द कोणता असेल ते त्याला ठाऊक नव्हतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. एका पत्रकाराने मधेच शब्द पुरवून पाहिला. मॅनेजरने मान हलवली. तो शब्द नव्हता.

"प... प... पोरं चांगली खेळली," मॅनेजर म्हणाला. "चुकलं माझं."

चिमणीने टीव्ही बंद केला.

बाप-लेक जेवायला बसली. आई वाढत होती. अर्ध्या जेवणात चिमणीने मान वर केली.

"बाबा, प..."

ओठ मिटले. नकल्याने घाईघाईने स्वतःसमोरचा पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. थोडं पाणी टेबलावर सांडलं.

तिने पेल्याकडे पाहिलं. हाताच्या मागच्या बाजूने तो सावकाश बाजूला केला, आणि पुन्हा सुरुवात केली. नकल्याच्या जिभेवर प वरून येणारे सगळे शब्द गोळा झाले. त्याने दात आवळून धरले. बायको हातात वाढणं घेऊन तशीच उभी राहिली.

"परवा दुसऱ्या लॅबची मुलाखत आहे," चिमणी म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. मग जरा हुशारी येऊन, "तो पांढरा शर्ट काढून ठेव. मी उद्याच..."

"इस्त्री मी करीन, बाबा."

हे वाक्य ती कुठेही न अडखळता बोलली. नकल्याने मान हलवली आणि बाहीने टेबलावरचं सांडलेलं पाणी पुसायला लागला. ते पुसून झाल्यावरही तो पुसतच राहिला.